मधमाश्यांना कोणी सांगितलं

ऑल्डरमियरचे लॉर्ड अँब्रोज यांनी आयुष्यात कुणालाही मुद्दाम त्रास दिला नाही. जो दिला तो नकळत, आणि वेळेचं भान नसल्यामुळे. स्वतःच्या लग्नाला ते उशिरा पोचले, एकुलत्या एका मुलीच्या बाप्तिस्म्याला पोचलेच नाहीत, आणि मेले मात्र आठवडाभर आधी.

दुपारची वेळ होती. खोलीत त्यांच्या पत्नी लेडी थॉमसिन, म्हातारी दाई ग्रिझेल आणि या घराचा पाद्री म्हणून मी, एवढेच होतो. पायांवर सूज चढून दोन वर्षं ते अंथरुणाला खिळले होते. त्या दिवशी त्यांनी मधात शिजवलेलं नाशपाती मागितलं, अर्धं खाल्लं, "आपल्याच माश्यांचा मध," म्हणाले, आणि गेले. मी शेजारी बायबल उघडून तयारीत बसलो होतो, पण माझी गरज पडली नाही.

लेडी थॉमसिन रडल्या नाहीत. त्या उठल्या, दाराला आतून कडी घातली, उरलेलं नाशपाती ताटलीने झाकून ठेवलं आणि म्हणाल्या, "हे झोपलेत."

"डोळे उघडे आहेत," ग्रिझेल म्हणाली.

"मग मिट."

असं का, ते सांगायला हवं. आमच्याकडे कायदा असा, की राजाच्या पदरचा जमीनदार मेला आणि मागे वारस म्हणून चौदाच्या आतली मुलगी राहिली, तर ती मुलगी राजाची होते. राजाला इतक्या मुली घेऊन करायचंय काय? तो त्यांचं पालकत्व विकून टाकतो. जो घेईल त्याच्या हातात मुलगी, तिची जमीन आणि तिचं लग्न. आईला कुणी विचारत नाही. ती हरकत घेईल म्हणून नव्हे. विचारावं हे सुचतच नाही कुणाला. चौदा पुरी झाल्यावर बाप गेला तर मात्र मुलगी मोकळी.

या घरच्या एकुलत्या मुलीला, अर्सुलाला, चौदा पुरी व्हायची होती सेंट मायकेलच्या सणाला. तो सण आठवड्यावर आला होता.

गिऱ्हाईकही ठरलेलं होतं. लॉर्डसाहेबांचे चुलतभाऊ, पलीकडच्या टेकडीवरचे सर हर्क्युलिस ट्रेसॉक. गेली दोन वर्षं ते न चुकता आजाऱ्याला बघायला यायचे आणि तो जरा बरा दिसला की हिरमुसले होऊन परत जायचे. तीन बायका पुरून झाल्या होत्या. तिसरी अशीच कुठूनशी विकत आणलेली पोर, सोळाव्या वर्षी बाळंतपणात गेली. तिची शवपेटी गावातल्या माणसांनी खांद्यावरून नेली. त्यात ऑस्विन क्रॅग नावाचा शेतकरी होता. पेटी खाली ठेवल्यावर तो हळूच मला म्हणाला, "पाद्रीबुवा, हिच्यात कुणी आहे ना?"

लेडी थॉमसिन यांना हा व्यवहार आतून माहीत होता. त्या स्वतः अकराव्या वर्षी अशाच या घरात आल्या, सासऱ्यांनी विकत घेऊन, एका तांबड्या घोडीबरोबर. घोडीचं कौतुक जेवताना अजून निघायचं. सोबत दाई म्हणून ग्रिझेल आली होती. ती चारचौघांत "बाईसाहेब" म्हणायची आणि एकांतात अगंतुगं करायची. लॉर्ड अँब्रोज माणूस म्हणून वाईट नव्हते. दिवसभर बागेत बसून मधमाश्यांशी बोलायचे. बायकोशीही बोलायचे; मधमाश्यांबद्दल.

तर त्या आठवड्यात लॉर्डसाहेबांची प्रकृती दोन वर्षांत नव्हती इतकी स्थिर राहिली. ताट भरून वर जायचं आणि रिकामं खाली यायचं. रिकामं मी करत होतो. प्रेताच्या उशाशी बसून डुकराच्या मांसाची पाई खाणं पहिल्या दिवशी फार जड जातं. दुसऱ्या दिवसापासून जात नाही. धन्यांना एकाएकी भूक लागली म्हणून स्वयंपाकिणीला भरून आलं आणि ती एकेक पदार्थ वाढवत गेली. माझ्या जुन्या झग्याला त्या आठवड्याची आठवण अजून आहे.

सकाळच्या प्रार्थनेची वेगळीच अडचण होती. मेलेल्या माणसासाठी प्रार्थना करणं आमच्या चर्चला मंजूर नाही; ती पोपच्या लोकांची थेरं. आणि नोकरांसमोर धन्यांसाठी प्रार्थना केली नाही तर संशय. खूप विचार करून मी देवाकडे एवढंच मागायचं ठरवलं, की धन्यांच्या तब्येतीत आणखी बिघाड होऊ नये. देवाने साफ दुर्लक्ष केलं. त्या वर्षी सप्टेंबर फार उबदार होता. आम्ही व्हिनेगर शिंपडलं, रोझमेरी जाळली, आणि रोग सांसर्गिक आहे असं खाली सांगून टाकलं. ग्रिझेलने नाकाला फडकं बांधलं. लेडी थॉमसिन यांनी ते बांधलं नाही. "मला सवय होईल," म्हणाल्या. रात्रंदिवस त्या त्याच खोलीत होत्या, आणि अंगावर काळं घालायची सोय नव्हती म्हणून हिरवा झगा घालून बसल्या होत्या.

अर्सुलाला खोलीत यायची बंदी होती. संध्याकाळी ती दाराबाहेर जमिनीवर बसायची आणि बंद दारातून बापाशी बोलायची. आतून उत्तरादाखल खोकला यायचा. लॉर्डसाहेबांचा खोकला घराच्या ओळखीचा होता: दोन आखूड, एक लांब, आणि शेवटी घसा साफ केल्यासारखं काहीतरी. बाईसाहेबांनी तो पहिल्याच संध्याकाळी हुबेहूब काढला. इतकी वर्षं शेजारी झोपून दुसरं काय ऐकलं होतं त्यांनी.

एकदा, आई खाली गेली आहे असं समजून, अर्सुला म्हणाली, "बाबा, तुम्ही बरे व्हा हो. आई दगड आहे. तुम्ही इतके आजारी, आणि तिच्या डोळ्यांत टिपूस नाही. आज खाली येऊन सणाचा हंस किती माजलाय ते चाचपून गेली. तुम्ही नसलात तर मी त्या बाईबरोबर कशी राहू?"

दाराच्या आत, दोन हातांवर, लेडी थॉमसिन रुमाल तोंडात दाबून बसल्या होत्या. बाहेर पोरगी उत्तराची वाट बघत होती. थोड्या वेळाने त्यांनी रुमाल काढला. दोन आखूड, एक लांब.

"तुम्हालाही तसंच वाटतं ना?" अर्सुलाने विचारलं.

बाईसाहेब पुन्हा खोकल्या.

गुरुवारी सर हर्क्युलिस आले. वासराच्या पायांची जेली आणली होती. आजाऱ्याला ती पचत नाही हे त्यांना माहीत होतं. बाईसाहेबांना खाली जाऊन त्यांचं स्वागत करावं लागलं, म्हणजे खोकायला आत मी उरलो. दाराशी येऊन सर हर्क्युलिसनी कान लावला. मी जमेल तसा खोकलो.

"दादांचा खोकला आज जरा प्रवचनासारखा वाटतोय," ते म्हणाले.

"अशक्तपणा," बाईसाहेब म्हणाल्या.

"आत जाऊन पाया पडतो फक्त."

"भावजींना तीन लग्नं करून धाडस आलंय, पण हा ताप नुसत्या बायकांना नेणारा नाही. तो पुरुषांनाही नेतो."

सर हर्क्युलिस एक पाऊल मागे सरकले. जाताना जिन्यात त्यांना अर्सुला भेटली. त्यांनी तिला हसायला सांगितलं. ती हसली नाही, तेव्हा वाकून दात दिसतात का बघितलं. मग बागेतून आपल्या घोड्याकडे गेले आणि जरा वेळाने परत आले, खिडकीखाली उभे राहून टोपी काढली.

"वहिनीसाहेब, दादांना नमस्कार सांगा. आणि माश्यांचंही सांत्वन करा. फार दुःखात दिसतात बिचाऱ्या."

बाईसाहेब बागेत धावल्या. मी त्यांना धावताना तेव्हाच पहिल्यांदा पाहिलं. भिंतीच्या कडेला दगडी ओट्यावर पेंढ्याच्या सहा टोपल्या उपड्या ठेवलेल्या असायच्या. लॉर्डसाहेबांची मधमाश्यांची पोळी ती. प्रत्येक टोपलीला एक काळी चिंधी बांधली होती. ग्रिझेलच्या जुन्या परकराची.

घरचा धनी गेला की माश्यांना जाऊन सांगावं लागतं हे आमच्याकडे पाळण्यातलं पोरही जाणतं. घराच्या किल्लीने टोपलीवर टकटक करायचं, धनी गेले म्हणायचं, आणि त्यांनाही सुतक म्हणून काळी चिंधी बांधायची. सांगितलं नाही तर माश्या मरतात. आणि धनी जिवंत असताना खोटंच सांगितलं, तर रागावून कायमच्या निघून जातात.

"तू सांगितलंस," बाईसाहेब म्हणाल्या.

"मग कोण सांगणार? तू?" ग्रिझेल म्हणाली. "तू तर अजून स्वतःलासुद्धा सांगितलं नाहीस."

"माझी पोर जाईल, ग्रिझेल."

"माणसांशी मी हवं तेवढं खोटं बोलते. परवा या पाद्रीबुवांना प्रवचन छान झालं म्हटलं. पण माश्यांशी नाही. तो माणूस उभ्या जन्मात त्यांच्याशीच काय ते मोकळेपणाने बोलला. त्यांना न सांगता त्याला कसा जाऊ देऊ?"

बाईसाहेबांनी एकेक चिंधी सोडली. गाठी ग्रिझेलच्या होत्या, वेळ लागला. शेवटची गाठ सोडून त्या ओट्यावर बसल्या. एक माशी त्यांच्या बाहीवर चढली, तिच्याकडे बघत राहिल्या.

"खोटं सांगितलं तर निघून जातात," त्या म्हणाल्या.

"हो. पण मी खरं सांगितलंय. या कशाला जातील?"

"त्यांना जावं लागेल."

ग्रिझेलला समजायला जरा वेळ लागला. समजल्यावर ती खालीच बसली. हे कर्म तू तुझ्या हाताने कर, माझ्याने व्हायचं नाही, म्हणाली. बाईसाहेब म्हणाल्या, माझ्याच हाताने करणार आहे.

सणाच्या आदल्या दिवशी उजाडताना गारठा होता; माश्या आत घट्ट बसलेल्या असतात ती वेळ. मधासाठी एखादी टोपली शरदात अशी मारतातच. खड्डा खणायचा, त्यात गंधकात बुडवलेल्या चिंध्या पेटवायच्या आणि टोपली वर ठेवायची. पण सहाच्या सहा कुणी मारत नाही. आत आवाज वाढत वाढत जातो, आणि मग कुणी हात ठेवल्यासारखा थांबतो. बाईसाहेबांनी पहिल्या टोपलीचा आवाज थांबेपर्यंत तिच्यावर हात ठेवला होता. मेलेल्या माश्या आम्ही झाडून गोळा केल्या आणि कोबीच्या वाफ्यात पुरल्या. एकही दिसता कामा नये; निघून गेलेल्या माश्या मागे प्रेतं ठेवत नाहीत.

दुसऱ्या टोपलीच्या वेळी मागे अर्सुला उभी दिसली. रात्रीच्या झग्यावर, अनवाणी.

"बाबांना कळलं तर?" ती म्हणाली.

बाईसाहेबांच्या चेहऱ्यावर काजळी होती. सांगण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं, म्हणून त्यांनी खरं सांगितलं. बाबा गेले. नाशपाती खाल्लं त्या दुपारी. आणि का लपवलं तेही.

 अर्सुलाने विचारलं, "खोकत कोण होतं?"

नेमका त्याच क्षणी धुराने मला ठसका लागला. तिने माझ्याकडे पाहिलं, ऐकलं आणि मान हलवली. "हे नाहीत," म्हणाली. मग आईकडे पाहिलं.

आईने मान खाली घातली.

पोरगी पुढे आली आणि तिसरी टोपली दुसऱ्या बाजूने धरली. सहावी होईपर्यंत दोघींनी मिळून उचलल्या, आणि त्यानंतर तिने आईशी बोलणं बंद केलं.

सणाला हंस भाजला गेला. अर्सुलाला चौदा पुरी झाली. जेवलं कुणी नाही. म्हणजे, वाया जाऊ नये म्हणून मी थोडा घेतला. दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा वाजवली आणि लॉर्ड अँब्रोज अधिकृतपणे वारले. शिशाची पेटी करणाऱ्या माणसाला ताप कसला होता हे मी इतकं भीतिदायक करून सांगितलं, की त्याने नाक धरून, तोंड फिरवून झाकण बसवलं.

महिनाभरात राजाचा अधिकारी आला. असा माणूस गेला की त्याची चौकशी बसते: कधी गेला, वारस कोण, वय काय. गावातले बारा जण शपथ घेऊन निवाडा देतात, अधिकारी तो लिहून नेतो. अधिकारी शहरातला होता आणि त्याला भयंकर पडसं झालं होतं. बारा जणांत सगळे शेतकरी, त्यांचा म्होरक्या ऑस्विन क्रॅग.

वयाबद्दल वाद नव्हता. पोरगी सेंट मायकेलच्या सणाला जन्मली हे सगळ्यांना आठवत होतं. एकाची म्हशीएवढी डुकरीण त्या दिवशी विहिरीत पडली होती, दुसऱ्याने त्याच दुपारी मेहुण्याचा दात पाडला होता.

मग सर हर्क्युलिस उठले. त्यांनी शांतपणे सांगितलं, की सणाच्या आधीच्या गुरुवारी या घरच्या माश्या सुतकात होत्या. सहाही टोपल्यांना काळ्या चिंध्या त्यांनी आपल्या डोळ्यांनी पाहिल्या. माळ्यानेही पाहिल्या. धनी जिवंत असताना कोण माश्यांना सुतक पाळायला लावतं?

 अधिकाऱ्याने नाक पुसत विचारलं, माश्यांचा इथे काय संबंध. बारा जणांनी त्याच्याकडे अशा नजरेने पाहिलं, की तो पुन्हा काही बोलला नाही.

बाईसाहेब उभ्या राहिल्या. चिंध्या बांधल्या होत्या हे खरं, त्या म्हणाल्या. म्हातारी दाई, धनी गाढ झोपलेले बघून गेले असं समजली. चूक कळताच सोडल्या.

आता सगळ्यांच्या नजरा ग्रिझेलवर. तिने बाईसाहेबांकडे पाहिलं, मग अर्सुलाकडे. "हो," ती म्हणाली. "मी माश्यांना खोटं सांगितलं." नंतर ती आठवडाभर कुणाशी सरळ बोलली नाही, पण त्या वेळी आवाज स्वच्छ होता.

ऑस्विन क्रॅगने डोकं खाजवलं. "मग सोपं आहे. खोटं सांगितलं असेल तर माश्या गेल्या असतील. खरं असेल तर असतील. चला बघू."

सगळे बागेत गेले. टोपल्या आम्ही लिंबाच्या वासाच्या, माश्यांना आवडणाऱ्या पाल्याने आतून घासल्या होत्या, मध लावला होता, महिनाभर वारं दिलं होतं. क्रॅगने पहिली टोपली उलटी केली आणि आत तोंड घातलं. बराच वेळ बाहेर काढलं नाही. स्वतः माश्या पाळणाऱ्या माणसाला पाला काय फसवणार?  बाईसाहेबांचे ओठ पांढरे पडले होते. अर्सुला त्यांच्यापासून चार हात लांब उभी होती.

क्रॅगने तोंड बाहेर काढलं. "गेल्यात," तो म्हणाला. बाकीच्यांनी उरलेल्या टोपल्या हुंगल्या. गेल्यात, गेल्यात.

सर हर्क्युलिसनी शेवटची टोपली हिसकावून घेतली. "गंधक," ते म्हणाले. "गंधकाचा वास येतोय. हिने मारल्यात."

अधिकाऱ्यानेही वाकून हुंगलं. त्याला कसलाच वास येत नव्हता. त्याने क्रॅगकडे पाहिलं.

क्रॅग अर्सुलाकडे बघत होता. पोरगी बारीक होती, वाऱ्यात तिचा झगा अंगाला चिकटला होता. खांद्यावर काही पेललं असावं तसा त्याने एक खांदा जरा उचलला.

"येणारच गंधकाचा वास," तो म्हणाला. "खोटं सांगितलं की माश्या रागाने खालच्या वाटेने जातात. नरकाच्या. जाताना तो वास मागे राहतो. सर हर्क्युलिसना कसं माहीत असणार? त्यांच्या पोळ्यांकडे नोकर बघतात."

बाकीच्या अकरा जणांनी गंभीरपणे माना डोलावल्या. एक म्हणाला, माझा आजा हेच सांगायचा. दुसरा म्हणाला, आज्याच्या वेळी तर वास फार यायचा, आता पहिल्यासारखा राहिला नाही. मी या गावात तीस वर्षं काढली; ही समजूत त्याआधी कधी ऐकली नाही आणि त्यानंतरही नाही. अधिकाऱ्याने ती लिहून घेतली, आणि लॉर्ड अँब्रोज सणानंतर वारले असा निवाडा झाला.

सर हर्क्युलिस जेली न ठेवता गेले.

माणसं पांगल्यावर बाईसाहेब बागेतच राहिल्या. मी बाकावर होतो, पण माझ्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. कमरेची किल्ली काढून त्या पहिल्या रिकाम्या टोपलीपाशी गुडघ्यांवर बसल्या. किल्लीने टकटक केलं. काही बोलणार, तेवढ्यात ग्रिझेल आतून ओरडली, "कुणाला सांगतेस आता? आत कुणी नाही."

"म्हणूनच सांगतेय," त्या म्हणाल्या. टोपलीला कपाळ टेकवलं. "अँब्रोज गेले. ऐकताय ना? अर्धं नाशपाती टाकून गेले. मी रडलेसुद्धा नाही."

आणि मग त्या रडल्या, त्या आठवड्यात हिरव्या झग्यात लपवून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं, आणि ते ऐकायला बरं नव्हतं. मी टोपी डोळ्यांवर ओढली.

थोड्या वेळाने कुंपणाच्या पलीकडून आवाज आला. कुणीतरी तिथे जमिनीवर बसून सगळं ऐकत होतं.

दोन आखूड, एक लांब. शेवटी घसा साफ केल्यासारखं काहीतरी.

बाईसाहेबांनी डोकं वर केलं, पण मागे वळून पाहिलं नाही. किल्ली उचलली आणि सरकून दुसऱ्या टोपलीपाशी गेल्या.